दवाखान्याची अंगठी

रविवारच्या जेवणाला हातमोजा घालून बसलेली बाई अर्नेस्टीनने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तोही एकाच हातात.

उजवा हातमोजा कॉर्लिसने काढून ताटाशेजारी घडी करून ठेवला होता. डावा मात्र तसाच, आणि तो हात पाठीमागे. सकाळी चर्चमध्ये ती अशर म्हणून उभी होती. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डाव्या हाताची मूठ मणक्याला टेकवलेली आणि उजव्या हाताने येणाऱ्या-जाणाऱ्याला बाक दाखवायचं. असं उभं राहायला तिला अर्नेस्टीननेच शिकवलं होतं, पोरगी शाळेत होती तेव्हा. नववा महिना लागला तरी बहिणीची लेक इतक्या ताठ मानेने उभी आहे हे पाहून अर्नेस्टीनला सकाळी भरून आलं होतं. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून तिने ते दाखवलंही होतं.

पण चर्च सुटून तास होऊन गेला होता. तळलेली कोंबडी टेबलावर आली, भाजी आली, मक्याचा पाव आला, आणि पोरीचा हात अजून पाठीमागेच.

"काय गं राणीसाहेब, इथे कुणाला जागा दाखवायचीय?" वर्नेलने लेकीला विचारलं. "की लेमाँटने हिरा घेऊन दिलाय आणि आईला दाखवायचा नाही?"

"आई, माझी कमाई तुम्हाला माहीत आहे," लेमाँट कोंबडीची तंगडी चघळत म्हणाला. जावई वायरमन होता, आणि सासूच्या टोमण्यांचा त्याला झटका बसेनासा झाला होता. "हिरा घेतला असता तर आधी तुमच्याकडूनच उसने मागितले असते."

वर्नेल हसली. कॉर्लिसही हसली, पण उशिरा, सगळे हसून झाल्यावर.

खिडकीतून समोरचं घर दिसत होतं. पेकनच्या झाडाखालचं, पिवळ्या दाराचं. तिथे चाळीस वर्षं अर्नेस्टीनचं पार्लर होतं. गावातल्या सगळ्या काळ्या बायकांच्या डोक्यावरून तिचा हात फिरला होता, आणि डोक्यात काय चाललंय तेही तिला कळायचं. लेक गेल्यावर तिने कात्री खाली ठेवली ती कायमची. मग चर्चच्या बायकांनी मासे तळून विकले, रजया शिवून विकल्या, आणि त्या पार्लरचं बाळंतपणाचं घर केलं. झेनोबिया अटलांटाची शिकलेली सुईण, ती मोठ्या हॉस्पिटलांतली नोकरी सोडून इथे आली. पाटीवर नाव होतं 'रेनिताचं घर'. रेनिता म्हणजे अर्नेस्टीनची लेक.

या घरावरून दोघी बहिणींचं तीन वर्षं बिनसलं होतं. वर्नेलला ते पटलंच नव्हतं. "पडदे छान आहेत, ताई," ती म्हणायची, "पण पडद्याला रक्तदाब कळत नाही. माझ्या लेकीला मशीन हवं, डॉक्टर हवा." त्यावर अर्नेस्टीनचं उत्तर ठरलेलं असायचं. मशीन आणि डॉक्टर दोन्ही रेनिताच्या उशाशी होते, एवढंच ती म्हणायची, आणि वर्नेल गप्प बसायची. मग कॉर्लिसने स्वतःच झेनोबियाकडे नाव नोंदवलं, आणि वर्नेल हरली. हरल्याचं तिने अजून मान्य केलेलं नव्हतं.

"चहा दे गं सगळ्यांना," वर्नेल म्हणाली. "नुसती बसून राहिलीस."

कॉर्लिसने उजव्या हाताने गार चहाचा जग उचलला आणि लेमाँटच्या पेल्याशेजारी, नेमकी टेबलक्लॉथवर, धार धरली. सावकाश, मन लावून, जणू तिथे पेला आहेच. चहा लेमाँटच्या मांडीवर उतरला.

"अगं अगं!" लेमाँट उठला. "इस्त्रीची पँट आहे."

"सॉरी. उन्हामुळे दिसलं नाही."

ऊन तर घराच्या मागच्या बाजूला होतं. अर्नेस्टीनने काटा खाली ठेवला.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे, मावशी."

हा शब्द अर्नेस्टीनला पाठ होता. त्यांच्या घराण्यातल्या बायका धडधाकट असल्या तरी 'बरी आहे' म्हणत आणि मरायला टेकल्या तरी 'बरी आहे'च म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. डॉक्टरपुढे कुरकुर करणारी काळी बाई म्हणजे कटकटी बाई, आणि कटकटी बाईकडे शेवटी बघतात, हे आईने लेकीला आणि लेकीने नातीला शिकवलेलं. दवाखान्यात जायचं तर कडक इस्त्रीचा झगा घालायचा, केस चापून बसवायचे, आवाज खाली ठेवायचा. आणि बोटात अंगठी.

ती अंगठीही घरातली. मामा टी ही अर्नेस्टीनची आजी, आख्ख्या तालुक्याची सुईण. सरकारने तिच्यासारख्या सुइणींचं काम बंद केलं आणि पोरींना हॉस्पिटलात पाठवायची वेळ आली, तेव्हा तिने एक साधी सोन्याची अंगठी विकत घेतली. लग्न झालेलं असो वा नसो, बाळंतपणाला जाणाऱ्या पोरीच्या बोटात ती घालायची, म्हणजे नर्स नीट बोलतात. घरात तिला सगळे दवाखान्याची अंगठीच म्हणत. ती अर्नेस्टीनने घातली, वर्नेलने घातली, मग रेनिताने घातली. रेनिताने बाळंत झाल्यावर तिथे दोनदा सांगितलं, माझं डोकं फुटतंय. दमणूक आहे, झोप झाली की बरं वाटेल, असं दोनदा उत्तर आलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, बरी आहे. घरी आली आणि दुसऱ्या दिवशी गेली. बाळ वाचलं. तो नातू आता बापाकडे ह्यूस्टनला असतो, उन्हाळ्यात येतो. अंगठी अर्नेस्टीनने स्वतः लेकीच्या बोटातून काढली आणि नऊ वर्षं कपाटाच्या तळाशी ठेवली.

गेल्या महिन्यात बाळाच्या स्वागताची पार्टी झाली तेव्हा तिने ती बाहेर काढली. सगळ्यांसमोर कॉर्लिसच्या बोटात घातली आणि म्हणाली, या खेपेला ही त्या हॉस्पिटलची पायरी चढणार नाही, रेनिताच्या घरातच राहील. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"हातमोजा काढ," अर्नेस्टीन म्हणाली.

"जेवण होऊ दे ना, मावशी."

"काढ म्हणते ना."

कॉर्लिसने आईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. कुणीच मदतीला आलं नाही. तिने हात पुढे केला, आणि हातमोजा निघेना. अर्नेस्टीनने तो बोटाबोटाने सोडवला. आत हात पावासारखा फुगला होता. चौथं बोट जांभळं झालं होतं, आणि अंगठी कुठे आहे ते शोधायला मांसात खाच बघावी लागत होती.

"देवा," लेमाँट म्हणाला. "कॉर्लिस, तू मला म्हणालीस हात थंड पडतात म्हणून हातमोजे घालतेस."

"हे कधीपासून?" अर्नेस्टीनने विचारलं.

"गुरुवारपासून."

"आणि डोकं?"

कॉर्लिस टेबलक्लॉथवरचा चहाचा डाग पुसू लागली.

"डोकं, कॉर्लिस."

"काल सकाळपासून ठणकतंय. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. येतात आणि जातात. मला वाटलं, आराम केला की थांबेल."

"झेनोबियाला सांगितलंस?"

"शुक्रवारी तपासणीला गेलेच नाही. आईकडे काम आहे म्हणून कळवलं."

"माझ्याकडे?" वर्नेलचा आवाज चिरकला. "माझ्याकडे कसलं काम होतं?"

"का नाही गेलीस?" अर्नेस्टीनने विचारलं, आणि विचारतानाच उत्तर तिला कळलं होतं.

"गेले असते तर तिने हॉस्पिटलात पाठवलं असतं," कॉर्लिस म्हणाली. "आणि ही अंगठी कापावी लागली असती. मावशी, तू ती माझ्या बोटात घातलीस तेव्हा तू हसलीस. रेनिताताई गेल्यापासून तू तशी हसलीच नव्हतीस. कसं सांगू मी तुला?"

अर्नेस्टीनने तिच्या गालावर हात ठेवला. तापलेला होता की तिचाच हात गार पडला होता, कळेना. मग ती लेमाँटला म्हणाली, "पळ. झेनोबियाला घेऊन ये. जेवत असली तर तोंडातला घास टाकून ये म्हणावं."

झेनोबिया चर्चची टोपी डोक्यावर तशीच ठेवून आली. हातात पिशवी. ती एरवी बडबडी बाई, रस्ता ओलांडेपर्यंत चार जणांची चौकशी करणारी. आता तिने कुणालाही नमस्कार केला नाही. कॉर्लिसच्या दंडाला पट्टा बांधला, वाट पाहिली, सोडला. दुसऱ्या दंडाला बांधला. मग पोटावर हात ठेवून बाळाचे ठोके ऐकले.

"बाळ छान आहे," ती म्हणाली, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "आईचा रक्तदाब मला अजिबात आवडलेला नाही. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे आहे. हा गरोदरपणातला रक्तदाब, याची थट्टा नाही. आत्ता हॉस्पिटल. माझ्या गाडीतून."

"नाही," वर्नेल म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तीन वर्षं हॉस्पिटल-हॉस्पिटल करणारी वर्नेल खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

"तिथे नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडेच ठेव तिला, झेनोबिया. तुझ्याकडे औषधं असतील. ताई, सांग ना हिला. तू सांग. तिथे नको."

"आई, तूच म्हणायचीस ना—" कॉर्लिसने तोंड उघडलं.

"म्हणायचे. मला वाटायचं तू ऐकणार नाहीसच."

कुणाला हसू आलं नाही. पण वर्नेल पहिल्यांदाच खरं बोलली होती हे अर्नेस्टीनच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं ही बाई मशीनचं नाव घेऊन घाबरत होती, आणि आपण पडद्यांचं नाव घेऊन. आता दोघींच्या मध्ये पोरगी बसली होती, डोळे अर्धे मिटून, आणि अर्नेस्टीन काय म्हणते याची वाट पाहत होती. तिने नाही म्हटलं असतं तर पोरगी उठली नसती. हे अर्नेस्टीनला स्वच्छ कळलं.

"मिस अर्नेस्टीन," झेनोबिया हलक्या आवाजात म्हणाली, "दर महिन्याला मी कुणाला तरी तिथे नेते. नेलेल्या सगळ्या परत आल्या. आपण रेनिताचं घर उभं केलं ते वेळेवर कळावं म्हणूनही. आत्ता कळलंय."

"तू आत राहशील का तिच्याबरोबर? की दारातून परत?"

"बाळ होईपर्यंत हलणार नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई मला ओळखतात. गाडीत बसले की त्यांना फोन करते, म्हणजे आपण पोचायच्या आत तयारी होईल."

अर्नेस्टीनने होकाराची मान हलवली. "लेमाँट, तुझी पक्कड आण. ती बारीक तोंडाची."

लेमाँटने ट्रकमधून पक्कड आणली, ती झेनोबियाने स्पिरिटने पुसून दिली. पण दिवसभर विजेच्या तारांशी खेळणाऱ्या त्या माणसाने पक्कड बोटाजवळ नेली आणि मागे घेतली. "मला नाही जमणार, मावशी. तिचं बोट आहे."

"दे इकडे."

अर्नेस्टीनने चष्मा लावला. झेनोबियाने कातडी मागे ओढून धरली, तेव्हा सोन्याची कड नखाएवढी दिसली. पक्कडीचं टोक तिच्याखाली सरकवताना कॉर्लिस कण्हली आणि लगेच ओठ दाबून म्हणाली, "काही नाही, बरी आहे."

"दुखलं की ओरड," अर्नेस्टीन म्हणाली.

"मावशी?"

"ओरड म्हणते. आजपासून या घरात बरी आहे म्हणायला बंदी."

आणि तिने पक्कड दाबली. कॉर्लिस ओरडली, चांगली खणखणीत, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी. अंगठी कट्कन तुटली. अर्नेस्टीनने ती दोन्ही बाजूंनी फाकवली, बोटातून काढली आणि न बघता एप्रनच्या खिशात टाकली. मामा टीची अंगठी तोडताना आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. उलट तिला मोकळं वाटलं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटली.

तेवढ्यात वर्नेल आतून मोत्यांचे कुडे आणि कंगवा घेऊन आली. रडत होती, पण सवय सुटली नव्हती. "अशा अवतारात नेणार तिला? केस तरी नीट करू दे. कॉर्लिस, शाळेचं ओळखपत्र गळ्यात घाल, म्हणजे त्यांना कळेल तू शिक्षिका आहेस."

"वर्नेल, ठेव ते," अर्नेस्टीन म्हणाली.

"ताई, तुला माहीत आहे कसं असतं."

"माहीत आहे. रेनिताचे केस मीच बांधले होते. इतकी छान दिसत होती की कुणाला ती आजारी वाटलीच नाही. आज ही जशी आहे तशी दिसू दे."

वर्नेलने कुडे मुठीत आवळले. मग दुसऱ्या हाताने तिने थोरल्या बहिणीचा हात धरला. दोघी तशाच गाडीपर्यंत चालत गेल्या. ताटं टेबलावर तशीच राहिली.

हॉस्पिटलच्या काचेच्या दाराशी अर्नेस्टीन क्षणभर थबकली. या दारातून ती नऊ वर्षांपूर्वी बाहेर पडली होती. रंग बदलला होता, बाक तेच होते. आत फोन पोचला होता, कारण चाकाची खुर्ची घेऊन एक तरुण नर्स उभीच होती. झेनोबिया तिच्याशी भरभर बोलली, कालपासून डोकं, काजवे, सूज, आकडे, सगळं.

नर्स कॉर्लिसपुढे वाकली. "आता तुम्ही सांगा. कसं वाटतंय?"

"बरी..." कॉर्लिसच्या तोंडून निघालं. आयुष्यभराची सवय, तोंड आपोआप चाललं. तिने मावशीकडे पाहिलं. अर्नेस्टीनने भुवया वर केल्या, चर्चमध्ये चुकीच्या बाकाकडे वळणाऱ्या पोराला करायची तशा.

"बरी नाही," कॉर्लिस म्हणाली. "अजिबात बरी नाही. डोकं फुटतंय. दिसत नाहीये नीट. मला भीती वाटतेय."

"चला तर," नर्स म्हणाली, आणि खुर्ची फिरवली. ती चालत नव्हती, जवळजवळ धावत होती. मागे झेनोबिया टोपी सावरत, तिच्या मागे लेमाँट.

दोघी बहिणी बाकावर राहिल्या. वर्नेलने पर्समधून फडक्यात गुंडाळलेला मक्याचा पाव काढला. "टेबलावरून उचलला निघताना. का ते माहीत नाही."

"दे," अर्नेस्टीन म्हणाली. आपल्याला भूक लागली आहे हे तिला त्या बाकावर कळलं.

पुढचा काळ लांबलचक गेला. शिरेतून औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाई दोनदा बाहेर आल्या, बसून बोलल्या, उभ्याने नाही. वर्नेलला प्रश्न सुचले नाहीत तेव्हा त्यांनीच सुचवले. रक्तदाब आटोक्यात आला, पण बाळाला आता बाहेर घेणंच बरं, म्हणून कळा सुरू करायचं औषध दिलं. बाळ सोमवारी दुपारी आलं, झेनोबियाच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या चार हातांत, मुलगी, लहानखुरी आणि भलतीच संतापलेली. लेमाँट बाहेर येऊन दोघींच्या मध्ये बसला आणि हुंदके देऊन रडला. वर्नेलने त्याच्या पाठीवर थापटलं आणि आपल्या डोळ्यांना पदर लावावा तसा त्याच्या बाहीचा कोपरा लावला.

"तुझी पँट अजून चहाची आहे," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी दोघींना आत सोडलं. कॉर्लिस उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, बोटाला पट्टी, छातीशी गाठोडं. चेहऱ्यावरची सूज उतरू लागली होती. अर्नेस्टीनने दारातूनच तिला पोटभर पाहून घेतलं.

"रेनिता नाव ठेवायचं म्हणतोय आम्ही," कॉर्लिस म्हणाली.

"नको," अर्नेस्टीनने बाळाच्या कपाळाला बोट लावलं. "रेनिताचं आख्खं घर आहे. हिला हिचं स्वतःचं काहीतरी दे."

"अंगठी सांधून घे ना, मावशी. मी पैसे देईन. ही मोठी होईल तेव्हा..."

"हिला नाही लागणार. तुटलेलीच राहू दे. कुणी विचारलं तर सांगू, कशी तुटली ते."

कॉर्लिसने मान डोलावली. मग उशीत सरकली आणि म्हणाली, "ही उशी टोचते. आणि इथली लापशी म्हणजे भिंतीला लावायचा चुना. रात्रभर कुणीतरी बाहेर गाडा ढकलत होतं. सुई लावलीय तिथे आग होतेय."

"पुरे गं," वर्नेल कुजबुजली आणि दाराकडे पाहिलं. "जीव वाचवला त्यांनी. किती कुरकुर करशील? ऐकतील ना."

"करू दे," अर्नेस्टीन म्हणाली. ती खुर्ची ओढून पलंगाला खेटून बसली. भाचीची कुरकुर तिला इतकी गोड लागत होती की संध्याकाळपर्यंत ऐकत बसली असती. "अजून सांग. अजून काय होतंय?"

"डोकं," कॉर्लिस जरा थांबून म्हणाली. "आता थोडंसंच. अगदी थोडं दुखतंय."

वर्नेलच्या हातातली पर्स खाली पडली.

अर्नेस्टीन उठली. पलंगाच्या कडेला घंटेचं बटण होतं. रेनिताच्या पलंगालाही होतं, त्याचा रंग अजून तिच्या डोळ्यांपुढे होता. तिने ते अंगठ्याने दाबलं आणि दाबूनच धरलं. बोट उचलायच्या आत दार उघडलं, आणि रविवारचीच नर्स रक्तदाबाचा पट्टा हातात घेऊन आत आली.

"बोला मिस अर्नेस्टीन, काय झालं?"

"तिलाच विचारा," अर्नेस्टीन म्हणाली, आणि खुर्ची मागे सरकवून तिने नर्सला वाट करून दिली.